प्रश्न वाचकांचे : मालवाहतुकीचा नवा व्यवसाय आणि विम्याची निवड

या अंकासाठी आलेल्या पत्रांत मालवाहतुकीचा व्यवसाय नव्याने सुरू करणाऱ्यांची पत्रे इतकी होती की, संपूर्ण सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवणे योग्य वाटले. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे वगळली आहेत. विम्याचे कायदे देशोदेशी वेगळे असल्यामुळे जेथे एखाद्या विशिष्ट कायद्याचा आधार घेतला आहे, तेथे तो कोठला हे सांगितले आहे. बाकीचे विवेचन कोणत्याही वाहतूकदाराला लागू पडावे असे आहे.

प्रश्न : मी आणि माझा धाकटा भाऊ दोन ट्रक घेऊन मालवाहतूक सुरू करीत आहोत. एक ट्रक नवा असून कर्जावर घेतला आहे, दुसरा आठ वर्षे वापरलेला असून रोखीने घेतला आहे. तीन विमा कंपन्यांकडून दरपत्रके मागवली. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग यांत जवळजवळ दुपटीचा फरक आहे. कोणते घ्यावे?

उत्तर : तिन्ही दरपत्रके एकाच गोष्टीची आहेत असे गृहीत धरू नका. दुपटीचा फरक कंपनीच्या दिलदारीमुळे क्वचितच पडतो; बहुतेक वेळा स्वस्त दरपत्रकातून काहीतरी काढून घेतलेले असते आणि जे काढले ते पहिल्या पानावर लिहिलेले नसते. एका मोठ्या कागदावर तीन रकाने आखा आणि तिन्ही कंपन्यांची उत्तरे ओळीने भरा : तृतीय पक्षाच्या, म्हणजे तुमच्या ट्रकमुळे ज्याचे नुकसान झाले त्या त्रयस्थाच्या, नुकसानीची कमाल मर्यादा किती, ट्रकची विमा रक्कम किती आणि ती कशी ठरवली, प्रत्येक दाव्यातून तुमच्या खिशातून जाणारी वजावट किती, ट्रक कोणत्या प्रदेशात किंवा किती अंतरापर्यंत चालवता येईल, कोणता माल चालेल आणि कोणता नाही, चालकाच्या वयाची व अनुभवाची अट काय. हा तक्ता पूर्ण झाला की, अर्धा निर्णय आपोआप होतो. एखाद्या कंपनीकडून एखाद्या ओळीचे उत्तर लेखी मिळत नसेल, तर ती ओळ कोरीच ठेवा; कोरी जागाही बरेच काही सांगते.

आता निवडीचा क्रम. नवे वाहतूकदार बहुधा ट्रकपासून सुरुवात करतात, कारण ट्रक डोळ्यांसमोर उभा असतो आणि त्याची किंमत पाठ असते. पण ट्रक पूर्ण नष्ट झाला तरी नुकसान ट्रकच्या किमतीपुरतेच राहते. भरलेल्या ट्रकने रस्त्यावर दुसऱ्याचे जे नुकसान होऊ शकते, त्याला अशी कोणतीही सीमा नाही. एका अपघातात चार गाड्या सापडल्या, दोन माणसे गेली आणि एकाला जन्माचे अपंगत्व आले, तर भरपाईचा आकडा दोन्ही ट्रकच्या किमतीच्या कितीतरी पटींनी वर जाऊ शकतो. म्हणून सर्वप्रथम तृतीय पक्षाविषयीचे दायित्व पाहावे.

हा विमा बहुतेक देशांत सक्तीचा आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने तो १९२७ पासून आणि ब्रिटनने १९३० च्या कायद्याने सक्तीचा केला. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार त्याशिवाय वाहन रस्त्यावर आणता येत नाही. मात्र सक्तीची मर्यादा अपघातग्रस्ताला काहीतरी मिळावे म्हणून ठरवलेली असते; तुमचा व्यवसाय वाचावा हा तिचा हेतूच नव्हे. अमेरिकेत भाड्याने आंतरराज्य मालवाहतूक करणाऱ्या जड वाहनांसाठी साधारण मालाबाबतची किमान मर्यादा साडेसात लाख डॉलर आहे. १९८० च्या कायद्यातला हा आकडा चार दशके उलटूनही तोच राहिला, उपचारांचा खर्च मात्र तेथे थांबला नाही. ब्रिटनमध्ये याच्या उलट व्यवस्था आहे : इजा किंवा मृत्यूसाठी विमा अमर्याद असावा लागतो आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी किमान १२ लाख पौंडांपर्यंत. तुमच्या ठिकाणी मर्यादा ठरलेली असेल, तर तिच्यावरच्या रकमेचा जादा विमा, म्हणजे वरचा एखादा थर, विकत घेण्याचा खर्च जरूर विचारा. पहिल्या थराचे दावे वारंवार येतात म्हणून तो महाग असतो. वरच्या थरापर्यंत फारच थोडे अपघात पोहोचत असल्यामुळे तो सहसा त्या मानाने स्वस्त पडतो.

यानंतर तुमचे स्वतःचे ट्रक. नव्या ट्रकबाबत तुम्हाला फारसे स्वातंत्र्य नाही. कर्ज देणारी संस्था सर्वंकष विमा (तृतीय पक्षाबरोबरच ट्रकच्या स्वतःच्या नुकसानीचाही) मागेलच आणि पॉलिसीवर आपले नाव घालून घेईल, म्हणजे ट्रक पूर्ण नष्ट झाल्यास भरपाई आधी तिच्याकडे जाईल. येथे एक खड्डा आहे. ट्रकची बाजारातली किंमत पहिल्या दोन वर्षांत झपाट्याने उतरते, कर्जाची मुद्दल मात्र सावकाश उतरते. अशा काळात ट्रक गेला, तर विम्याची सगळी रक्कम कर्जात जाऊनही काही बाकी उरू शकते. हा फरक भरून देणारे जोडकलम काही कंपन्या देतात. आगाऊ रक्कम कमी भरून ट्रक घेतला असेल, तर ते घेण्यासारखे आहे.

जुन्या ट्रकबाबत एकच प्रश्न स्वतःला विचारा : हा ट्रक उद्या नाहीसा झाला, तर स्वतःच्या शिलकीतून दुसरा आणता येईल का? येत असेल, तर स्वतःच्या नुकसानीचा विमा न घेता केवळ आग व चोरी यांपुरता घेणे रास्त ठरू शकते. येत नसेल, तर हप्ता जड वाटला तरी घ्यावा. मात्र हप्ता कमी करण्यासाठी ट्रकची किंमत मुद्दाम कमी दाखवू नका. अनेक पॉलिसींत अशा वेळी नुकसान प्रमाणात कापण्याचे कलम असते. समजा, ट्रकची खरी किंमत १०० आहे आणि तुम्ही विमा ७५ चा उतरवला. नुकसान २० चे झाले, तर कंपनी २० ऐवजी १५ धरते आणि वजावट त्यातून पुन्हा जाते.

आणखी एक बारकावा लहान वाहतूकदारांना हमखास चकवतो. चेसिस एकीकडून घेतली जाते आणि तिच्यावर बॉडी दुसरीकडे बांधून घेतली जाते. विमा उतरवताना हातात बिल असते ते चेसिसचे. बॉडी, शीतयंत्रणा, मागची उचलपट्टी, ताडपत्री-साखळदंड हे सर्व त्यात धरले आहे का, हे पॉलिसीच्या परिशिष्टात डोळ्यांनी वाचल्याशिवाय खात्री मानू नका.

पॉलिसी कागदावर एक असली, तरी अपघाताच्या वेळी तिचे तुकडे पडतात. ते कसे, हे एका चित्रावरून लक्षात येईल. रात्रीची वेळ आहे. सिमेंटच्या गोण्यांनी भरलेला तुमचा ट्रक वळणावर लोखंडी कठडा तोडून शेजारच्या चरात कलंडला आहे. अर्ध्या गोण्या फुटून चिखलात पसरल्या आहेत, टाकीतून डिझेल ओघळून चरातल्या पाण्यात जात आहे. कठड्याचा खर्च तृतीय पक्षाच्या विभागातून निघेल. ट्रक उभा करायला येणाऱ्या क्रेनचे पैसे स्वतःच्या नुकसानीच्या विभागातून मिळतील, पण त्याला बहुधा एक छोटी मर्यादा असते आणि जड ट्रकच्या क्रेनपुढे ती अपुरी पडते. फुटलेल्या गोण्या मालाच्या विम्यात येतात. धड राहिलेल्या गोण्या दुसऱ्या ट्रकमध्ये चढवण्याचा आणि रस्ता साफ करण्याचा खर्च मात्र ‘मलबा हटवणे’ असे वेगळे कलम असेल तरच. चरातल्या डिझेलचे काय? प्रदूषणाचे नुकसान बऱ्याच पॉलिसींतून वगळलेले असते. तुमचे तिन्ही प्रस्ताव या एका रात्रीवर तपासून पाहा. कोणत्या खर्चाला कोणते कलम, हे प्रत्येक कंपनीच्या प्रतिनिधीला बोटाने दाखवायला सांगा.

शेवटी ट्रक दुरुस्तीला महिनाभर उभा राहिला, तर दुरुस्तीचे पैसे मिळतील, पण त्या महिन्याचे बुडालेले भाडे आणि कर्जाचा हप्ता साध्या पॉलिसीत मिळत नाही. त्यासाठीचे कलम प्रत्येक ठिकाणी मिळत नाही आणि मिळाले तरी त्यात पहिले काही दिवस वगळलेले असतात. माझे मत असे की, दोन ट्रकच्या व्यवसायाने हे कलम शोधत बसण्यापेक्षा कर्जाच्या दोन-तीन हप्त्यांइतकी रक्कम बाजूला ठेवावी.

प्रश्न : ज्यांचा माल आम्ही नेणार आहोत, त्या कारखान्याने मालाचा विमा स्वतः उतरवलेला आहे. तरीही आम्ही मालाचा वेगळा विमा का घ्यावा? एकाच मालाचा विमा दोनदा कशासाठी?

उत्तर : हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे. माल एकच असला, तरी हे दोन विमे दोन वेगळ्या गोष्टींचे आहेत. कारखान्याचा विमा हा कारखान्याच्या नुकसानीचा आहे. माल वाटेत खराब झाला, तर कारखान्याची विमा कंपनी कारखान्याला पैसे देते आणि त्याच क्षणी कारखान्याचे तुमच्याविरुद्धचे सर्व हक्क तिच्याकडे येतात. मग ती कारखान्याच्या जागी उभी राहून तुमच्याकडून वसुली करते. विम्यातील हा फार जुना नियम आहे. तोपर्यंत तुमचा आणि कारखान्याचा चहापाण्याचा संबंध असतो. आता समोर एक वकील असतो ज्याला तुमच्याशी पुढे व्यवहार करायचा नसतो. तुम्हाला हवा आहे तो विमा या वसुलीविरुद्धचा, म्हणजे वाहतूकदार म्हणून तुमच्यावर येणाऱ्या दायित्वाचा.

हे दायित्व किती, हे ठरवणारे नियम ठिकठिकाणी फार वेगळे आहेत आणि विम्याची रक्कम त्यांच्यावरूनच ठरवायची असते. युरोपातील आंतरराष्ट्रीय रस्तेवाहतुकीला १९५६ मध्ये जिनिव्हा येथे झालेला, सीएमआर या नावाने ओळखला जाणारा करार लागू होतो. १९७८ च्या पूरक करारानुसार हरवलेल्या किंवा खराब झालेल्या मालाच्या प्रत्येक किलोमागे ८.३३ एसडीआर ही कमाल मर्यादा आहे. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक. भारतात १८६५ चा जुना कायदा जाऊन २००७ चा रस्त्यावरील मालवाहतुकीचा कायदा आला. २०११ च्या नियमांनुसार माल देणाऱ्याने जास्त किंमत लेखी जाहीर केलेली नसेल, तर वाहतूकदाराचे दायित्व सर्वसाधारणपणे भाड्याच्या दहा पटींपर्यंत मर्यादित राहते. अमेरिकेत १९०६ पासूनच्या कारमॅक दुरुस्तीनुसार मूळ तत्त्व पूर्ण नुकसानभरपाईचे आहे आणि मर्यादा हवी असेल, तर ती माल देणाऱ्याशी लेखी ठरवावी लागते.

मर्यादा एकच असली, तरी मालानुसार तिचा परिणाम कसा पालटतो ते पाहा. सीएमआरच्या हिशेबाने २०० किलो मोबाइल फोन चोरीला गेले, तर कमाल दायित्व २०० गुणिले ८.३३ म्हणजे १,६६६ एसडीआर होते, जे त्या फोनच्या किमतीचा एक लहानसा अंश असेल. उलट २० टन सिमेंट वाया गेले, तर मर्यादा १,६६,६०० एसडीआरपर्यंत जाते. सिमेंटची किंमत तिच्या आसपासही पोहोचत नाही, म्हणून तेथे मर्यादा असूनही तुम्हाला पूर्ण किंमत द्यावी लागते. वजनदार स्वस्त माल नेणाऱ्याला मर्यादेचा उपयोग नाही आणि हलका महाग माल नेणाऱ्याला तिचा मोठा आधार आहे. पण हा आधार दोन गोष्टींनी निसटतो. एक म्हणजे जाणूनबुजून केलेले गैरवर्तन : ते सिद्ध झाले की सीएमआरमध्ये मर्यादा उरत नाही. दुसरी गोष्ट अधिक नेहमीची आहे. मोठ्या ग्राहकाचा छापील करार येतो, त्यात कोठेतरी मध्ये ‘मालाच्या पूर्ण बीजकमूल्याची जबाबदारी वाहतूकदाराची’ असे वाक्य असते आणि नवे काम मिळाल्याच्या आनंदात सही होते. जेथे कायदा अशा वाक्याला मुभा देतो, तेथे कायद्याने दिलेली मर्यादा तुम्ही स्वतःच सोडून दिलेली असते, आणि विमा कंपनी मात्र म्हणू शकते की, करारान्वये स्वतःहून ओढवून घेतलेले वाढीव दायित्व आमच्या पॉलिसीत नाही. असा करार आधी विमा कंपनीला दाखवावा आणि नंतर सही करावी.

विम्याची रक्कम ठरवताना सरासरी फेरीचा विचार न करता वर्षातली सर्वांत महाग फेरी धरावी, कारण चोर सरासरी पाहून चोरी करीत नाहीत. तसेच प्रत्येक ट्रकची मर्यादा आणि एका ठिकाणची मर्यादा हे वेगळे आकडे आहेत. तुमचे दोन्ही ट्रक भरलेल्या अवस्थेत रात्री एकाच आवारात उभे राहत असतील आणि तेथे आग लागली, तर दुसरा आकडा लागू होतो.

यानंतर वगळलेल्या गोष्टी वाचा, आणि घाईने वाचू नका. चोरीच्या कलमात बहुधा अशी अट असते की, ट्रक सोडून जाताना तो कुलूपबंद असावा आणि रात्री पहारा किंवा कुंपण असलेल्या ठिकाणी उभा असावा. ढाब्यासमोर किंवा पंपाच्या बाजूला लावलेला ट्रक या अटीत बसत नाही. तुमच्या मार्गावर अशी सुरक्षित जागाच नसेल, तर ती अट मान्य करून उपयोग काय? ती बदलून घ्या किंवा मार्गावरची जागा बदला. शीतगृहाच्या गाड्यांबाबत यंत्रणा बंद पडून माल नासला, तर ते नुकसान बहुधा वेगळ्या कलमाखालीच मिळते आणि त्यासाठी यंत्रणेच्या देखभालीच्या नोंदी व तापमानाचा आलेख मागितला जातो. मालाचा मूळचाच दोष, अपुरे वेष्टन आणि केवळ उशीर यांमुळे झालेले नुकसान मालमालकांच्या विम्यात प्रचलित असलेल्या ‘इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस’च्या सर्वांत व्यापक ‘ए’ संचातही वगळलेले आहे. म्हणजे ज्या नुकसानीचे पैसे मालमालकाला त्याची विमा कंपनी देत नाही, त्यासाठी तो थेट तुमच्या दारात येणार हे गृहीत धरा. वेष्टन ढिले दिसले, तर माल चढवतानाच बिल्टीवर (मालाच्या वाहतूक-पावतीवर) तशी नोंद करा आणि मोबाइलवर फोटो घेऊन ठेवा.

कारखान्याशी तुमचे संबंध चांगले असतील, तर आणखी एक मार्ग आहे. आपल्या विमा कंपनीने वाहतूकदाराकडून वसुली करू नये, असे कलम कारखाना आपल्या पॉलिसीत घालून घेऊ शकतो. ते मिळाले, तर तुमचा विमा लहान रकमेचा चालेल. पण ‘आम्ही सांगितले आहे त्यांना’ या तोंडी शब्दाचा येथे उपयोग नाही. पॉलिसीतील त्या कलमाची प्रत हातात हवी.

प्रश्न : वजावटीची रक्कम वाढवली, तर हप्ता बराच कमी होतो असे सांगतात. वाढवावी का?

उत्तर : हिशेब करून वाढवावी. वजावट वाढवल्याने वर्षाचा हप्ता जितका वाचतो, त्याने वाढीव वजावटीला भागा. वजावट ४० ने वाढते आणि हप्ता १० ने कमी होतो असे समजा; म्हणजे चार वर्षांत एकच दावा आला, तर तुम्ही बरोबरीत सुटता, दोन आले तर तोट्यात जाता. नव्या व्यवसायात पहिल्या वर्षी चालक नवे, रस्ते नवे, गोदामांची फाटके अरुंद. आरसे, दिवे, मडगार्ड यांची मोडतोड होतेच. ती तशीही खिशातून करणे श्रेयस्कर, कारण लहानसहान दाव्यांनी पुढच्या वर्षीचा हप्ता वाढतो आणि दावा न केल्याबद्दलची सवलत जाते. अट एवढीच की, ती वजावट एकाच महिन्यात दोनदा भरावी लागली तरी ट्रक गॅरेजमधून बाहेर काढता यावा.

प्रश्न : प्रस्तावपत्र भरताना विमा प्रतिनिधीने सांगितले की, ‘फार तपशील देऊ नका, हप्ता वाढेल.’ भाऊ अधूनमधून ट्रक चालवतो, कधीकधी आम्ही ठरलेल्या अंतरापेक्षा दूर जातो. हे लिहायलाच हवे का?

उत्तर : लिहायलाच हवे. विम्याचा करार दोन्ही बाजूंच्या परम सद्भावावर उभा असतो, हे तत्त्व लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी १७६६ मध्ये कार्टर विरुद्ध बोहम या खटल्यात मांडले. तो विमा सुमात्रा बेटावरील एका किल्ल्याचा होता. ट्रक तर सोडाच, वाफेची गाडीही तेव्हा रस्त्यावर आलेली नव्हती. पण तर्क आजही तोच आहे : धोका कोणता, हे विमा घेणाऱ्याला माहीत असते आणि विमा देणाऱ्याला नसते. म्हणून हप्ता ठरवण्यावर परिणाम करील अशी प्रत्येक बाब सांगणे हे तुमचे काम आहे.

न सांगितल्याचा परिणाम पूर्वी फार कठोर असे. पॉलिसीच रद्दबातल ठरे. काही देशांनी तो सौम्य केला आहे. ब्रिटनच्या २०१५ च्या विमा कायद्यानुसार माहिती लपवण्यात लबाडी किंवा बेपर्वाई नसेल आणि खरी माहिती असती तर कंपनीने केवळ जादा हप्ता घेतला असता, तर दावा त्या प्रमाणात कमी केला जातो. हप्ता ८० भरला आणि खरा १०० व्हायला हवा होता, तर दाव्यातून ८० टक्के मिळतात. हा सौम्य प्रकार आहे हे लक्षात घ्या. मोठ्या अपघातात उरलेले २० टक्केही व्यवसाय बुडवायला पुरतात.

तुमच्या बाबतीत अंतर आणि चालक या दोन्ही बाबी हप्त्याच्या गणिताच्या गाभ्यातल्या आहेत. नव्या व्यवसायाला दाव्यांचा पूर्वेतिहास नसतो, त्यामुळे कंपनी चालकांचा परवाना व अनुभव, ट्रकचे वय, मालाचा प्रकार आणि फिरण्याची त्रिज्या यांवरच तुमची किंमत करते. भावाचे नाव चालकांत घाला. दूरच्या फेऱ्या वर्षातून किती, हे अंदाजाने का होईना लिहा. तुम्ही यापूर्वी दुसऱ्याकडे चालक म्हणून अपघाताविना काम केले असेल, तर त्याचे लेखी प्रमाणपत्र जोडा. कॅबमध्ये कॅमेरा आणि गाडीचा माग घेणारे यंत्र बसवणार असाल, तर तेही कळवा. हप्ता खाली आणण्याचे हे सरळ मार्ग आहेत.

प्रतिनिधीविषयी एक गोष्ट. तो कंपनीचा एजंट आहे की तुमच्या वतीने बाजार पाहणारा ब्रोकर आहे, हे आधी विचारा. दावा नाकारला जातो तेव्हा त्याने तोंडी दिलेला सल्ला कोठेच नसतो, प्रस्तावपत्रावर सही मात्र तुमची असते. भरलेल्या प्रस्तावपत्राची प्रत आजच मागून घ्या, आणि कोऱ्या जागा सोडून सही केली असेल, तर त्या जागांत नंतर काय लिहिले गेले हेही पाहा.

प्रश्न : पगारी चालक आणि क्लीनर यांच्यासाठी वेगळा विमा लागतो का? मी स्वतः ट्रक चालवतो, माझे काय?

उत्तर : कामावर असताना नोकराला झालेल्या इजेची भरपाई मालकाने द्यावी, हे तत्त्व जर्मनीत १८८४ मध्ये, ब्रिटनमध्ये १८९७ मध्ये आणि भारतात १९२३ मध्ये कायद्यात आले. त्यामुळे पगारी चालक आणि क्लीनर यांच्यासाठी तरतूद करावीच लागते. काही ठिकाणी ती वाहनाच्या पॉलिसीत ठरावीक जादा हप्ता भरून होते, काही ठिकाणी वेगळी घ्यावी लागते. माल चढवणारे-उतरवणारे हमाल तुम्ही लावत असाल, तर त्यांची संख्याही कळवा. त्यांच्या इजा ट्रक उभा असताना होतात आणि नेमक्या तेव्हाच ‘वाहनाचा वापर’ चालू होता की नाही यावर वाद होतो.

तुम्ही स्वतः मात्र या कशातच येत नाही. मालक स्वतःचा नोकर नसतो आणि स्वतःच्या पॉलिसीत तृतीय पक्षही नसतो. तुमचे हाड मोडले, तर तृतीय पक्षाचा कितीही मोठा विमा कामाला येत नाही. मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा वेगळा घ्या. पगाराविना मदत करणाऱ्या भावाचेही तेच. तो भागीदार की नोकर, हे कागदावर एकदा ठरवून टाका, नाहीतर अपघातानंतर ते दुसरे कोणीतरी ठरवील.

प्रश्न : आमचा माल बहुतेक पोत्यांचा असतो, पण महिन्यातून एखादी फेरी रंग आणि थिनरच्या डब्यांची मिळते. भाडे चांगले असते. त्यासाठी वेगळा विमा लागेल का?

उत्तर : रंग व थिनर यांतील बहुतेक प्रकार ज्वालाग्राही द्रव आहेत आणि संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या नऊ वर्गांपैकी तिसऱ्या वर्गात येतात. साधारण मालाच्या पॉलिसीत असा माल बहुधा वगळलेला असतो. अमेरिकेत साधारण मालासाठी जी साडेसात लाख डॉलरची किमान मर्यादा आहे, ती तेल व काही धोकादायक मालासाठी १० लाख आणि अतिधोकादायक मालासाठी ५० लाख डॉलरपर्यंत चढते, यावरून विमा कंपन्या या मालाकडे कसे पाहतात ते कळते. लहान डब्यांतील मर्यादित मालाला वाहतुकीच्या नियमांत काही सूट असू शकते, पण त्या सुटीमुळे पॉलिसीतील वगळणूक नाहीशी होत नाही. कंपनीला लेखी विचारा. वाढीव हप्ता बारा फेऱ्यांवर वाटून पाहा. चांगले दिसणारे ते भाडे त्यानंतरही चांगले राहिले, तर फेरी घ्या.

प्रश्न : काम जास्त आले की, ओळखीच्या वाहतूकदाराचा ट्रक भाड्याने लावतो. त्याच्या ट्रकचा विमा त्याचाच असतो. आमचा संबंध येतो का?

उत्तर : येतो. बिल्टी तुमच्या नावाची आहे, म्हणून मालमालकासमोर वाहतूकदार तुम्हीच. तुमची मालाची पॉलिसी परिशिष्टातल्या दोन ट्रकच्या क्रमांकांपुरती असेल, तर तिसऱ्या ट्रकमधला माल तिच्यात नाही. इतरांना दिलेल्या कामाचे दायित्व धरणारे कलम मागा, आणि प्रत्येक वेळी त्या वाहतूकदाराच्या पॉलिसीची तारीख व मालाची मर्यादा पाहून प्रत ठेवा. ओळख असली तरी हे मागायला संकोच करू नये. जो देत नाही, त्याची पॉलिसी बहुधा संपलेली असते.

प्रश्न : अपघात झाल्यावर दावा नाकारला जाऊ नये म्हणून चालकाला नेमके काय शिकवून ठेवावे? आणि पॉलिसी ट्रकमध्ये ठेवावी की घरी?

उत्तर : जखमींना मदत आणि पोलिसांना खबर ही पहिली कामे. त्यानंतर, रस्ता सुरक्षित असेल तर, ट्रक हलवण्यापूर्वी फोटो : चारही बाजूंनी ट्रक, चाकांच्या खुणा, समोरच्या वाहनांचे क्रमांक, मालाची अवस्था. चूक कोणाची यावर चालकाने तेथे काहीही कबूल करू नये आणि पैशांची तडजोड तर मुळीच करू नये, कारण कंपनीच्या संमतीविना केलेली कबुली बहुतेक पॉलिसींत अटीचा भंग ठरते. कंपनीला त्याच दिवशी कळवावे. नुकसानीची पाहणी करणारा सर्व्हेअर येईपर्यंत दुरुस्ती सुरू करू नये आणि खराब मालही टाकून देऊ नये. मात्र तो आणखी खराब होऊ नये म्हणून झाकणे, हलवणे हे तुमचे कर्तव्य आहे आणि त्याच्या पावत्या जपाव्यात. माल पोहोचवताना घेणाऱ्याने पावतीवर काय लिहिले हे चालकाला वाचता आले पाहिजे. सीएमआरमध्ये वरून न दिसणाऱ्या नुकसानीबाबत घेणाऱ्याला रविवार व सुट्ट्या सोडून सात दिवसांची मुदत असते, दिसणारी तूट मात्र ताब्यात घेतानाच नोंदवावी लागते. ‘माल चांगल्या स्थितीत मिळाला’ अशी सही असलेली पावती त्यामुळे तुमच्या फार कामाची असते.

पॉलिसीची मूळ प्रत घरी ठेवा, ट्रकमध्ये तिची प्रत ठेवा आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवा. त्याशिवाय एक पुठ्ठा कॅबच्या दाराच्या आतल्या कप्प्यात असू द्या. त्यावर पॉलिसी क्रमांक, दाव्यासाठीचा दूरध्वनी आणि तुमचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून तो प्लास्टिकमध्ये बंद करा. अपघातात पहिल्यांदा फुटतो तो बहुधा चालकाचा मोबाइल.